पाळकबाईंसाठी दुआ

९ फेब्रु., सोम.
आज वॉर्डात एक प्रार्थना अर्धी राहिली.
बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळचा बेड. झुबेदाबी. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, शुक्रवारी ऑपरेशन झालं. मी रोजच्यासारखं विचारलं, "प्रार्थना करू का?" म्हणाल्या, "करो ना पादरीसाब, पूछते क्या." (इथे मी पादरीसाब, नाहीतर फादर. हॉस्पिटलचा पाळक म्हणून आलो तेव्हा सुरुवातीला दुरुस्त करायचो. आता सोडून दिलंय.) डोळे मिटले, डोक्यावर हात ठेवला, येशूच्या नावाने म्हणण्यापर्यंत आलो आणि मागून आवाज, "साहेब, एक मिनिट."
मुलगा, सलीम. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे त्यांचा. हातात जेवणाचा डबा. आवाज अजिबात चढवला नाही. "माझ्या आईसाठी जे मागायचं ते मी मागीन. आपण नका करू."
मी सॉरी म्हणालो. झुबेदाबी छताकडे बघत होत्या. आमेन म्हणायचं राहूनच गेलं. वॉर्ड ओलांडून दारापर्यंत जाताना सगळ्या बेडवरच्या बायका आपापल्या चादरी नीट करत होत्या.

१० फेब्रु.
डॉ. रणदिवे बाईंनी बोलावलं. हॉस्पिटल त्याच चालवतात, मी येण्याच्या कितीतरी आधीपासून. सलीमने तक्रार लिहून दिलेली नाही, पण बोलून गेला.
"काही दिवस वॉर्डात प्रार्थना नको. बसा, बोला, विचारपूस करा."
"मग मी तिथे कोण म्हणून बसू?"
"माणूस म्हणून बसा. तेही चालतं आम्हाला."
त्यांचं बोलणं असंच. रागवायचं की हसायचं ते घरी आल्यावर ठरवावं लागतं. आज ठरलं नाही.
घरी बायकोला, सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही विचारलं होतंत ना? तिने हो म्हटलं ना? मग झालं." जेवली नाही. पोट बरं नाही म्हणे.

१२ फेब्रु.
वॉर्डात गेलो. दोन मिनिटांत बोलणं संपलं. एवढे दिवस प्रार्थना होती म्हणून मला बायकांशी फारसं बोलावं लागत नव्हतं, हे आज कळलं. कुठं राहता, मुलं किती, दुखतं का. मग काय?
एकीची व्हीलचेअर एक्स-रेपर्यंत ढकलली. एकीला गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचून दाखवलं. झुबेदाबींनी हाक मारली. "क्या पादरीसाब, मेरी दुआ आधी छोड दी." म्हणालो, मनाई आहे. त्यांनी तोंडावर पदर घेतला. हसत होत्या की काय, कळलं नाही.

१४ फेब्रु., शनि.
गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर सलीम भेटला. मी बघून न बघितल्यासारखं करणार होतो. त्यानेच दोन चहा सांगितले.
म्हणाला, "पलीकडच्या बेडवरच्या बाईचा भाचा मोबाइल धरून उभा होता. तुमचे डोळे मिटलेले, तुम्हाला कसं दिसणार. तो व्हिडिओ कुठं फिरला असता सांगता येत नाही. तुमच्यावर धर्मांतराची केस, आणि आम्हाला आमचे लोक विचारणार, आईला पादऱ्याकडे दिलं का."
"मग तेव्हाच सांगायचं ना."
"भाच्यासमोर?"
त्याने चहा फुंकला. मग, "आणि खरं सांगू का साहेब, व्हिडिओ नसता तरी मला ते आवडलं नसतं."
चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. माणूस खोटं बोलत नाही एवढं नक्की. त्याच्यावर रागावणं त्यामुळे जास्तच अवघड झालंय.

१६ फेब्रु.
झुबेदाबींच्या जखमेत पू झाला. मुक्काम वाढला. वैतागल्या आहेत. रमजान येतोय आणि आपण इथे पडून, रोजे चुकणार. डॉ. रणदिवे त्यांना म्हणाल्या, "अम्मा, अँटिबायोटिक चालू असताना उपास केलात तर मीच तुमची तक्रार करीन वर." अम्मा खूश. ह्याच बाई मला वॉर्डात तोंड उघडू देत नाहीत.
माझ्या आधीचे पाळक सांगायचे, मिशनच्या लोकांनी हॉस्पिटल बांधलं तेव्हा आजूबाजूला शेतं होती. वस्ती नंतर आली. आता नर्सेस नगरच्या आणि पेशंट कोंढव्याचे. बाळंतपणासाठी इथे येणाऱ्या मुली सांगतात, मीही इथेच जन्मले, माझी आईही.

१८ फेब्रु., बुध.
लेंट सुरू, आमचा ईस्टरआधीचा उपासकाळ. सकाळी चॅपलमध्ये उपासना, सगळे मिळून नर्सेस आणि दोन वॉर्डबॉय. संध्याकाळी चंद्र दिसला म्हणून बाहेर फटाके. दोघांचे उपास एकदमच लागले यंदा.
घरी आलो तर सुमन मोरीत बसलेली. उलट्या. पोट फुगलेलं. विचारलं केव्हापासून. म्हणाली, सकाळपासून. मग म्हणाली, म्हणजे दुखतंय नाताळच्या आधीपासून.
नाताळच्या आधीपासून. आणि मी रोज परक्या बायकांना विचारत फिरतोय, दुखतं का.

१९ फेब्रु.
आतड्याला अडथळा. दुपारी ऑपरेशन.
रूथ वाघोलीहून आली, ऑफिसचा लॅपटॉप पाठीवर तसाच. बाहेर बाकावर आम्ही दोघं. तिने माझा हात धरला, "बाबा, प्रेअर करा ना." सुरू केली. पहिलं वाक्य झालं. पुढचं आलंच नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी म्हणत आलो तीच वाक्यं, पाठ झालेली, तीही नाही. रूथनेच मग हळू आवाजात पुरी केली.

२० फेब्रु.
गाठ होती. काढली. तपासायला पाठवली आहे. सर्जननी "काढली" हा शब्द दोनदा म्हटला, "कसली" हे एकदाही नाही.
स्पेशल रूम मिळत होती. शुद्धीवर आल्यावर सुमन म्हणाली, नको. "एकटी काय करू तिथे, भिंतींशी बोलू?" तिला वॉर्डात हलवलं. झुबेदाबींच्या शेजारचा बेड रिकामा होता.
डॉ. रणदिवे म्हणाल्या, "स्वतःच्या बायकोसाठी प्रार्थना करायला परवानगी लागत नाही हो."
मान हलवली. परवानगीचा प्रश्न नाहीये, हे त्यांना कुठे सांगत बसू.

२१ फेब्रु.
सु. आणि झुबेदाबींचं जमलं. दोघींना उठता येत नाही, मान वळवून बोलतात. सु.च्या नाकात नळी, तरी तिने माहेरचं सगळं सांगून टाकलंय. राहुरीकडचं गाव, बालवाडीची नोकरी, रूथ लग्नाचं मनावर घेत नाही ते. झुबेदाबींचं माहेरही नगरचंच निघालं. आता माझी बायको त्यांची "गाववाली".
मला म्हणाल्या, "तुम्हारी बीबी अच्छी है. तुम कम बोलते."

२२ फेब्रु., रवि.
हे नीट लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारलं तर निदान मला तरी आठवावं.
दुपार. सु.ला कळा. इंजेक्शन देऊन झालं होतं, पुढचं द्यायला अजून वेळ होता. ती ओरडत नाही, ओठ दाबून धरते, डोळ्यांतून पाणी कानात जातं. मी हात धरून बसलो होतो. ती म्हणाली, "काहीतरी म्हणा." म्हणायला तोंड उघडलं. मी नुसता "प्रभू" म्हणालो आणि थांबलो.
शेजारून झुबेदाबी. "पादरीसाब. मैं पढूँ क्या? आपको चलेगा?"
मी रोज जो प्रश्न विचारायचो, तोच त्यांनी मला विचारला. आणि मला पटकन हो म्हणता आलं नाही. इतक्या बायका मला हो म्हणाल्या, त्यांना आतून काय वाटत होतं, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. मी सु.कडे बघितलं. तिने मान हलवली. मग मी म्हणालो, "हां, अम्मा."
त्यांनी डोक्यावर पदर घेतला, दोन्ही हात उघडे धरले आणि अरबीत पुटपुटल्या. नंतर त्यांच्या हिंदीत, सु.चं नाव घेऊन, या अल्लाह माझ्या गाववालीचं दुखणं हलकं कर. लहानशी, साधी. शेवटी "आमीन." सु. म्हणाली, "आमेन." मी काही म्हटलं की नाही, आठवत नाही.
मला बरं वाटलं का? नाही. छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं. आपली जागा दुसऱ्याने घेतल्यासारखं. पण सु.ची मूठ सैल झाली होती, आणि ती झोपली.
मान वर केली तर दारात आढाव. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच. उपासनेनंतर सफरचंदं घेऊन सु.ला भेटायला आले होते. केव्हापासून उभे होते, कोण जाणे. "बरी आहे ना वहिनींची तब्येत," म्हणून पिशवी माझ्या हातात दिली आणि बसले नाहीत.

२४ फेब्रु.
आढावांचा फोन. "पाळकसाहेब, कानावर आलंय ते खरं नसावं अशी इच्छा आहे." कानावर कशाला, डोळ्यांनी बघितलंत, असं ओठांवर आलं. म्हणालो नाही.
"पाळकबाईंवर कलमा पढला. वर त्या आमेन म्हणाल्या. लोकांना काय सांगायचं आम्ही?"
म्हणालो, कलमा नव्हता, दुआ होती.
"तुम्हाला फरक कळतो म्हणजे कमालच."
कमिटीकडे लेखी देणार आहेत. हॉस्पिटल कमिटीत मंडळीचे तिघे आहेत, हे त्यांनी आठवण म्हणून सांगितलं.

२५ फेब्रु.
डॉ. रणदिवे: "पंधरा-वीस दिवसांत दोन तक्रारी, दोन्ही बाजूंनी. सर्वांना समान वागवता तुम्ही."
मग खुर्चीला टेकल्या आणि विचारलं, "सुमनताईंना त्याने झोप लागली?"
"लागली."
"मग तेवढं मी केसपेपरवर लिहू शकते." हसल्या नाहीत.

२७ फेब्रु., शुक्र.
झुबेदाबी घरी गेल्या. वॉकर धरून दारापर्यंत चालल्या, तिथून व्हीलचेअर. जाताना सु.च्या बेडपाशी थांबल्या, दोघी बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. सु.ची नळी आता निघालीय, तरी.
सलीमला सगळं कळलेलं दिसलं. बाजूला घेऊन म्हणाला, "आईमुळे तुम्हाला त्रास झाला, ऐकलं."
"त्रास झाला नाही."
"झाला असं सिस्टर म्हणाल्या."
मी वॉकर त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "मी तिला सांगितलं होतं, ज्यासाठी मी पादरीसाहेबांना अडवलं, तेच तू करून बसलीस. तर म्हणते, मैंने पूछ के किया."

१ मार्च, रवि.
मंडळीत उपासनेला गेलो. सु. घरी, रूथ सोबत. हस्तांदोलन सगळ्यांनी केलं. नेहमीपेक्षा जरा लवकर सोडलं. एक म्हातारी मात्र माझा हात धरून म्हणाली, "माझ्या सुनेचं बाळंतपण तुमच्याच दवाखान्यात झालं. शेजारच्या मुसलमान बाईने रात्रभर पाय चेपले तिचे. लिहा म्हणावं तक्रार."
आढाव प्रार्थनेत "भेसळ" हा शब्द वापरून गेले. डोळे मिटलेले असताना सगळे एकमेकांकडे बघतात, हे पाळकाला चांगलं माहीत असतं.

४ मार्च
रिपोर्ट. कॅन्सर आहे. आतड्याच्या पुढेही थोडा गेलाय. केमो घ्यावी लागेल, इथे होत नाही, पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल.
सु.ला मीच सांगितलं. तिने विचारलं, "केस जातील?" म्हणालो, विचारतो. "विचारू नका. गेल्यावर कळेलच." मग उठून डाळ चढवायला निघाली, टाके ओढले म्हणून परत बसली. मी चढवली. पाणी जास्त झालं. तिने खाल्ली.

८ मार्च
संडासात जाऊन नळ सोडून रडलो. नंतर बाहेर आलो तर सु. म्हणाली, "पाण्याचा मीटर आहे हॉस्पिटलचा."

११ मार्च, बुध.
कमिटीची बैठक. लांब टेबल, मला टोकाची खुर्ची.
अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही थांबवलं का नाहीत?"
"थांबवावंसं वाटलं नाही."
"आणि आता वाटतं?"
"नाही."
आढाव म्हणाले, "पाळकाच्या तोंडून प्रार्थना निघत नाही म्हणून दुसऱ्या धर्माची बाई करते. साक्ष काय राहिली आपली?" ते लागलं. कारण तेवढं खरं होतं, तोंडातून निघत नव्हती.
डॉ. रणदिवे कागदात बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण त्यांच्या बायकांसाठी प्रार्थना करतोय. एकदा त्यांच्यातल्या एकीने आपल्या बाईसाठी केली, तर बैठक."
चहा आला. एक सदस्य, निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी विचारलं, "पाळकबाई आता कशा आहेत?" एवढ्या वेळात तो प्रश्न पहिल्यांदा आला. उत्तर देता देता मला रडू फुटलं. नको होतं तिथे.

१४ मार्च
पत्र आलं. असा प्रकार पुन्हा घडू देणार नाही, याची लेखी हमी द्यायची. झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या) आत. नाही दिली तर नेमणुकीचा "फेरविचार".
फेरविचार म्हणजे हॉस्पिटलच्या आवारातलं हे राहतं क्वार्टर जाणार. इथून केमोला नेणं-आणणं, सिस्टर लोकांचं रोज डोकावणं, सगळंच.
रूथ म्हणते, "बाबा, सही करून टाका. एक सेंटेन्स आहे. आईची ट्रीटमेंट आधी." तिचं चुकत नाही.
सु.ला विचारलं. कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

१८ मार्च, बुध.
पहिली केमो.
रूथला सुट्टी नाही मिळाली. रिक्षा बघायला गेटवर गेलो तर सलीमची गाडी उभी. झुबेदाबींनी पाठवलं. डॉ. रणदिवेंनी तारीख सांगितली असणार, दुसरं कोण.
सु. मागे, मी पुढे. रोजे चालू, त्याचे ओठ सुकलेले. सातारा रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा विचारलं त्याने, "त्या दिवशी राग आला होता ना माझा?"
"आला होता."
"अजून आहे?"
"थोडा आहे."
"बरोबर आहे," म्हणाला, आणि गिअर टाकला. मागून सु. म्हणाली, "त्यांचा राग उतरायला वर्ष लागतं. तुम्ही गाडी चालवा."
आत तिला खुर्चीत बसवून सुई लावली. थेंब थेंब. आम्ही दोघं बाहेर. पुष्कळ वेळ. त्याच्या फोनवर गाळ्यावरचे कॉल, भाव, ट्रक, भाव. मग फोन ठेवला आणि म्हणाला, "एक विचारू? आईने पढलं, तेव्हा तुमच्या मनात काय आलं?"
खरं सांगितलं. अडकल्यासारखं झालं. आवडलं नाही. पण थांबवावंसंही वाटलं नाही.
तो मान हलवत राहिला. "मला तुमच्या वेळी नेमकं तेच झालं होतं," म्हणाला. "फक्त मी थांबवलं."
मग आम्ही दोघंही समोरच्या भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचत बसलो. इतक्या दिवसांत कोणाशी एवढं मोकळं बोललो नव्हतो.
येताना सु.ला गाडीत मळमळलं. त्याने गाडी कडेला घेतली, स्वतः उतरून तिच्या बाजूचं दार उघडून धरलं.

१९ मार्च
सु. दिवसभर झोपून. तोंडाला चव नाही, वास सहन होत नाही. सकाळी उलटी, आता बरी.
हमीपत्राचा कागद घेऊन बसलो. छापील मजकूर खाली ठेवला, कोरा कागद घेतला. लिहिलं: माझी पत्नी वेदनेत असताना शेजारच्या बाईंनी आमची परवानगी विचारून तिच्यासाठी देवाजवळ करुणा मागितली, आणि आम्ही ती परवानगी दिली.
एवढं खरं आहे. एवढ्यावर सही करता येते. पण त्यांना पुढचं वाक्य हवंय, पुन्हा होणार नाही हे. आणि सु.ला अजून किती वेळा त्या खुर्चीत बसायचंय. पुन्हा कधी दुपारी तिची मूठ वळली आणि मला पुन्हा काही बोलता आलं नाही, आणि कोणी विचारलं, तर मी नाही म्हणायचं? आणि क्वार्टर गेलं, तर तिला कुठे ठेवायचं?
सु.ला वाचून दाखवलं. डोळे मिटूनच ऐकलं. म्हणाली, "चांगलं लिहिलंय. पुढे?"
"पुढचं सुचत नाही."
"मग आज राहू दे," ती म्हणाली. "मला जरा उठवून बसवा."
कागद तसाच ठेवून उठलो.